गच्चीवरच्या सोलरबद्दल

पुणे, २० फेब्रुवारी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'बघू पुढे' म्हणून विषय मिटवला असता, म्हणून लिहिते आहे. आपल्या चंद्रपूरच्या घरावर २ किलोवॅटचं सोलर बसवायचं मी ठरवलं आहे. अर्ज मंजूर झाला, पैसेही भरले. त्यातले ६०,००० रुपये अनुदान म्हणून बाबांच्या खात्यात परत येतील. तुम्हाला न विचारता केलं, याचं वाईट वाटतंय. पण बिल वाढू नये म्हणून मेच्या दुपारी तुम्ही दोघं कूलर बंद करून बसता, हे कळल्यापासून मला चैन नाही.

बाबा, कोळशावरच्या वीज केंद्राच्या पगारावरच आपलं घर उभं राहिलं, माझी फी भरली गेली. त्या कामाला मी कधीच कमी लेखणार नाही. पण विजेच्या एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा लागतो, हे मला तुमच्याकडूनच माहीत. त्यातली चाळीस टक्के तरी राख. उरलेल्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेऊन जळतो, म्हणून धुराड्यातून युनिटमागे १ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बहुतेक राख तुमचा ईएसपी, म्हणजे धुरातली राख पकडणारं यंत्र, धरतो; हा वायू मात्र सुटतो. निम्मा समुद्र, झाडं आणि माती शोषतात, बाकीचा पुष्कळसा शेकडो वर्षं हवेत राहतो. तो ऊन खाली येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची उष्णता वर जाताना अडवतो. कारखान्यांच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. आई, संध्याकाळी पाणी मारून गच्चीवर अंथरुणं घालायचीस, पहाटे पायांवर चादर ओढायचीस, तशा गार रात्री आता कमी होत चालल्या आहेत.

आपलं सोलर दिवसाला सरासरी ८ युनिट देईल. वर्षाला २ टनांहून जास्त वायू वाचतो. एका घरानं केंद्राचे २,९२० मेगावॅट हलत नाहीत, तरी आपल्या वाट्याचं आपण करावं असं मला मनापासून वाटतं.

आई, तुझ्या वाळवणाची जागा जाणार नाही. पॅनेलं जेमतेम २०० चौरस फूट घेतील. सांगाडा ८ फूट उंच सांगितला आहे, खालून सरळ चालता येईल. कुरडया दक्षिणेच्या कडेला घाल, तिथे ऊन राहील. कडुनिंब तोडायचा नाही. फक्त गच्चीवर झुकलेली एक फांदी छाटावी लागेल, कारण पॅनेलं एकामागे एक जोडलेली असतात आणि एकावर सावली पडली की सगळ्यांचीच वीज घटते.

आता नीट ऐका. दर आठ दिवसांनी पॅनेलं धुवायची, पण पहाटे, ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. आपल्याकडे राख उडते, दवात भिजून चिकटते, म्हणून टाळू नका. साधं पाणी, लांब दांड्याचा मऊ ब्रश. साबणाची पावडर नको, बोअरचंही पाणी नको, क्षारांचे डाग पडतात. बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही, माणूस ठरवला आहे.

मेमध्ये वीज थोडी कमी दिसली तर घाबरू नका, पॅनेल तापलं की त्याची ताकद उतरते. वीज गेली की सोलरही बंद पडेल. लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच असतं, बाबा समजावतील. जुना बॅटरीचा इन्व्हर्टर काढू नका. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, लागला तरी बिल शून्य येणार नाही, स्थिर आकार राहतोच.

आणि कूलर दिवसभर चालवा. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट हवा साचते आणि गारवा येत नाही. या वयात तहान उशिरा कळते, म्हणून घड्याळ बघून पाणी प्या. आई, बीपीची गोळी उन्हाळ्यात तशीच चालू ठेवायची का, हे मार्च संपायच्या आत डॉक्टरांना विचार. गोळी स्वतःहून बंद करू नकोस.

सोमवारी सकाळी माणसं येतील. चहा कर त्यांना. अर्थिंग तीन वेगवेगळी घातली का, एवढं बाबांनी उभं राहून बघावं. त्यात माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळतं.

तुमची,
मनू