चौसष्ट जणांतला एक

वाई,
रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा स्क्रीनशॉट पाहिला. शेअर बाजारात एका दुपारीत ४,२०० रुपयांचा नफा. बाबा म्हणाले, "मेसचं बिल सुटलं की!" मी गप्प बसले, कारण फोनवर काही सांगायला गेलं की तू "हो आई, कळलं आई" करतोस. म्हणून लिहायला घेतलं.

बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाची ती ग्रंथालयाची गोष्ट आठवते का? बारावीच्या सुट्टीत तुला वाचायला दिली होती. १९४१ची. ती लिहिली तेव्हा तो ब्यूनोस आयर्सच्या एका पालिका ग्रंथालयात नोकरीला होता, म्हणजे आम्हा ग्रंथालयवाल्यांच्याच जातकुळीतला. गोष्टीतल्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तक ४१० पानांचं, पानावर ४० ओळी, ओळीत ८०च्या आसपास अक्षरं, आणि चिन्हं सगळी मिळून २५. त्यांच्या उलटसुलट जुळणीतून जेवढी म्हणून पुस्तकं होऊ शकतात, तेवढी सगळी तिथे मांडलेली. तू लगेच गणित घालून सांगितलंस की हा आकडा नुसता लिहायला अठरा लाखांवर अंक लागतील. मी आयुष्यभर दाखल नोंदवहीत क्रमांक घालत आलेली बाई, मला त्या रात्री झोप लागली नाही. (आमच्याकडे एक पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तरी चार दिवस शोधावं लागतं.)

त्या ग्रंथालयात उद्याचा निफ्टी, म्हणजे बाजाराचा निर्देशांक, सांगणारं पुस्तकही असणारच. अगदी पैशापर्यंत अचूक. आणि एकेका आकड्याने चुकलेली तशीच किती, त्याची गणती नाही. बाहेरून सगळी सारखी. खरं कोणतं ते उद्या संध्याकाळीच कळणार, आणि तोवर त्याचा उपयोग संपलेला.

आता टेलिग्रामवर शेअरच्या टिपा देणारा तुझा तो माणूस. आधी आठवडाभर फुकट टिपा दिल्या, सलग सहा बरोबर आल्या, म्हणून तू विश्वास ठेवलास. तूच हिशोब कर. त्याने ६४ मुलांना निरोप पाठवले, ३२ जणांना "वर जाणार", ३२ जणांना "खाली". ज्यांचं चुकलं त्यांना सोडून दिलं. उरले ३२, मग १६, ८, ४, २. सहाव्या टिपेनंतर एक मुलगा उरतो, त्याच्यापुरता हा माणूस कधीच चुकलेला नाही. तुझ्या बाबतीत असंच घडलं असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण तुमच्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर ६४ मुलं सहज असतील, आणि त्या एकाला बाकीचे ६३ दिसत नाहीत.

ते ६३ कुठे जातात, ते शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलंय. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढे भाव वर जाईल की खाली यावरच्या सौद्यांत, उतरलेल्या दर शंभर सामान्य माणसांपैकी ९३ तोट्यात गेले, सरासरी दोनेक लाखांनी. ते स्क्रीनशॉट पाठवत नाहीत.

आपल्या घरातही एक आहे. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी सागवानाच्या झाडांच्या योजनांचं पेव फुटलं होतं. ५,००० भरा, वीस वर्षांनी लाखांत घ्या. बाबांनी भरले. माहितीपत्रक इतकं देखणं की मीच ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं. आपलं झाड कुठे लावलं होतं, ते आजतागायत कळलेलं नाही. मागच्या पानावरची बारीक अक्षरं आम्ही दोघांनीही वाचली नव्हती. आणि मी म्हणे ग्रंथपाल!

कॉलेजातला तो गुंतवणुकीचा क्लब सोडू नकोस. तिथे ताळेबंद वाचायला शिकवतात म्हणालास, ते मला फार आवडलं. टिपेमागे धावण्यापेक्षा तळटिपा वाच. कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. पुढची रंगीत पानं आणि अध्यक्षांचं भाषण उलटून टाक, थेट हिशोबाच्या टिपांवर जा. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांनी, कंपनीच्या पैशातून आपल्याच नातेवाइकांच्या कंपनीला कर्ज दिलंय का, कोर्टात किती रकमेचे दावे अडकलेत, हे तिथेच सापडतं. महिन्याचे ५०० इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे, जातात ते जाऊ देत. ते कंटाळवाणं आहे, मान्य.

आणि हो, बोर्हेसचं ते पुस्तक अजून तुझ्याकडेच आहे. वाचनालयाचं आहे ते, माझं नाही. मुदत टळून दोन वर्षं झाली, दंड माझ्या नावावर चढतोय. दिवाळीला येताना आण. ४,२००मधून भरू.

तुझी,
आई