आईला कुठला राग आला?

प्रिय पद्या,

किती दिवसांत तुला नीट लिहिलंच नाही, रागावला असशील, पण आज लिहायचंय तेही रागाबद्दलच. परवा आमच्या लेकीने जिन्यात खालच्या जैन काकींना गुजरातीत सांगितलं, मम्मीने मारो राग आव्यो छे, तर काकी कौतुकाने विचारतात, "कयो राग, बेटा?" त्यांना वाटलं आई गाणं शिकतेय!

कारण गुजरातीत राग म्हणजे एकतर गाण्यातला, नाहीतर आसक्ती. जैन लोक जिनांना, म्हणजे त्यांच्या तीर्थंकरांना, वीतराग म्हणजे आसक्ती गेलेले म्हणतात ना, ते त्यातलंच. राग-द्वेष म्हणतात तेव्हा राग म्हणजे ओढ, द्वेषाच्या बरोब्बर उलट, आणि आपल्या मराठीत हाच राग जाऊन द्वेषाच्या शेजारी बसलाय! गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘वीतरागभयक्रोधः’ आहे बघ, क्रोध वेगळा सांगितलाय म्हणजे तिथला राग संताप नाहीच.

पण म्हणून आपला अर्थ बिघडलेला आहे असं कोणी म्हटलं तर मला नाही पटत. मूळ धातू रञ्ज्, म्हणजे रंगणं, लाल होणं. रंग, रंजन, अनुराग सगळे त्याच घरातले, पद्मराग म्हणजे लाल माणिक. मनावर रंग चढला की तो राग, मग प्रेमाने चढो, सुराने चढो नाहीतर संतापाने, आणि चिडलेला माणूस लालबुंद होतोच की. समोरच्याचा रागरंग बघून बोल असं आपण म्हणतो त्यात तर हे दोन्ही शब्द अजून हातात हात घालून आहेत.

गाण्याचंही तेच. मतंगाच्या बृहद्देशी या संगीतावरच्या जुन्या ग्रंथात रागाची व्याख्याच ‘रञ्जको जनचित्तानाम्’, लोकांच्या चित्ताला रंगवणारा. आपल्या बडोद्यात तर हे जास्तच जवळचं वाटतं, सुरसागरपाशी म्युझिक कॉलेज आहे ना, त्याची सुरुवात १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या गायनशाळेपासून झाली, सयाजीरावांच्या आश्रयाने, आणि भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरवली तीही इथेच. संध्याकाळी तिथून जाताना तानपुरा ऐकू आला की मी स्कूटर बाजूला घेऊन उभाच राहतो.

आता तुझं काम, तू बंगाल्यांच्या शेजारात आहेस म्हणून. बंगालीतही राग म्हणजे संतापच, राग कोरो ना म्हणतात, आणि तिकडच्या वैष्णव पदावलीत, म्हणजे राधाकृष्णाच्या पदांत, पूर्वराग म्हणजे मीलनाआधीचं प्रेम! एकाच भाषेत दोन्ही कसं नांदतं ते शेजारच्या बौदींना, म्हणजे वहिनींना, विचार, आणि त्या रोजच्या बोलण्यात कुठला राग कुठे वापरतात ते मला सविस्तर कळव, व्हॉट्सॲपवर दोन ओळी नकोत, पत्रच लिही.

तुझा,
बाळ्या