तक्रार : पॅड एम्बॉसिंगचे नाही, कागद ३०० जीएसएमचा नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आभारपत्र किटमधील चुकीचे शाई-पॅड, कमी जाडीचा कागद आणि दिशाभूल करणारी माहितीपत्रिका, पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

मी सांगलीत मुलांचे हस्तकलेचे वर्ग घेते. दहावीच्या निरोप समारंभात आमच्या मुलांना शिक्षकांना, तसेच घंटा देणाऱ्या शिपाईमामांना आणि शाळा झाडणाऱ्या मावशींना, हाताने केलेली आभारपत्रे द्यायची होती. त्यासाठी जानेवारीत आपल्या संकेतस्थळावरून १,४९९ रुपयांचे आभारपत्र किट मागवले. आपलेच का, तर त्यात देवनागरी शिक्का होता. ‘थँक यू’चे शिक्के वाटेल तिथे मिळतात, ‘मनःपूर्वक आभार’ असा नीट वळणाचा शिक्का शोधूनही सापडत नाही. शिक्का आला तो खरोखर सुंदर आहे. म्हणूनच बाकीच्या गोष्टींचा राग जास्त आला.

मुख्य तक्रार पॅडची. डबीवर ‘एम्बॉसिंग इंक’ असे छापले आहे, पण आतली शाई एम्बॉसिंगची नाही. एम्बॉसिंगला, म्हणजे अक्षर कागदावर उठावदार करायला, लागते ती चिकट, सावकाश वाळणारी शाई. ठसा उमटवायचा, त्यावर पावडर पसरायची, जास्तीची झटकून टाकायची, मग हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, गरम करायचे. ही पावडर म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण. ते ओल्या शाईला धरून राहतात, उष्णतेने वितळतात आणि अक्षर चकचकीत, बोटाला लागेल इतके उंच होते. शाई ओली राहिली तरच हे सगळे जमते. तुमच्या पॅडचा ठसा पावडरचे झाकण उघडेपर्यंत कागदात मुरून कोरडा होतो. वाळलेल्या ठशावर पाण्याचा थेंब सोडला तर रंग पसरतो. ही साधी डाय इंक, म्हणजे पटकन मुरणारी, पाण्याने पसरणारी रंगाची शाई आहे, आणि रंगांची पॅड्स तर किटमध्ये वेगळी दिलेलीच आहेत.

परिणाम पाहायचा असेल तर सोबतचे फोटो पाहावेत. शिरोरेषा जागोजागी तुटली आहे. रेघ लांब आणि बारीक असल्याने पावडर कुठे धरली, कुठे नाही, ते तिथे लगेच उघडे पडते. ‘मनःपूर्वक’मधल्या विसर्गाचे दोन्ही ठिपके गायब आहेत आणि रफार अर्धाच उरला आहे. त्याच शिक्क्याने, त्याच पावडरने, पण माझ्याकडच्या जुन्या एम्बॉसिंग पॅडवर उमटवलेला ठसा शेजारी ठेवून फोटो काढला आहे. दोष कशात आहे ते त्यात स्पष्ट दिसते.

फोनवर मला उत्तर मिळाले, “मॅडम, शिक्का जरा जोर लावून मारा.” पारदर्शक शिक्का लवचीक असतो. जोर लावला की तो पसरतो, अक्षरे जाड होतात आणि ‘भ’च्या आतली मोकळी जागा भरून जाते. शाई वाळते आहे, त्याला जोर लावून काय होणार? दुसरे उत्तर असे की, उघडलेले किट परत घेतले जात नाही. पॅड न उघडता आत कोणती शाई आहे हे ग्राहकाने कसे ओळखावे, ते कृपया लेखी कळवावे.

कागदाबद्दल. पाकिटावर ‘ए-४, ३०० जीएसएम’ असे लिहिले आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, आणि ए-४ आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. त्या हिशेबाने ३०० जीएसएमच्या दहा कागदांचे वजन १८७ ग्रॅमच्या आसपास यायला हवे. डिजिटल काट्यावर ते ११२ ग्रॅम भरले, म्हणजे कागद जेमतेम १८० जीएसएमचा आहे. हा फरक केवळ कागदोपत्री नाही. पातळ कागद ब्रशने रंग घोळवताना ओलसर होऊन वाकतो आणि हीट गनखाली त्याची कोपऱ्यांतून गुंडाळी होते. घडी घातलेले कार्ड टेबलावर उभे राहत नाही, ते तर वेगळेच.

माहितीपत्रिकेत लिहिले आहे : आधी रंग मिसळा, लगेच शिक्का मारा, पावडर टाका, हीट गन नसल्यास हेअर ड्रायर वापरा. ज्याने हे लिहिले त्याने स्वतः एकही कार्ड केलेले नसावे. रंग ओला असताना पावडर टाकली तर ती अक्षरापुरती राहत नाही, सगळ्या पार्श्वभूमीवर चिकटते आणि गरम केल्यावर पुरळ उठल्यासारखी दिसते. रंग आधी द्यायचा असेल तर तो पूर्ण वाळू द्यावा लागतो आणि एम्बॉसिंगची पावडर नको तिथे चिकटू नये म्हणून शिक्क्याआधी कागदावरून अँटी-स्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवावी लागते. नाहीतर सरळ उलट करावे : कोऱ्या पांढऱ्या कागदावर आधी पांढरे एम्बॉसिंग आणि मग त्यावर रंग. वितळलेले प्लास्टिक शाई शोषत नाही, त्यामुळे अक्षरांवरचा रंग टिश्यूने पुसून निघतो आणि पांढरे ‘मनःपूर्वक आभार’ रंगांतून वर येते. नवशिक्यांसाठी हीच पद्धत सोपी, आणि पत्रिकेत तिचा उल्लेखही नाही.

हेअर ड्रायरचा सल्ला तर काढूनच टाकावा. त्याला वारा जास्त आणि उष्णता कमी, त्यामुळे पावडर वितळण्याआधी उडते. घराघरांत मुले ती नाकातोंडात घेतील.

रंगांविषयी मात्र तक्रार नाही, आणि ते नमूद करणे मला योग्य वाटते. पिवळा, नारिंगी आणि गुलाबी हे तिन्ही रंग एकमेकांत अलगद मिसळतात. फिका रंग आधी घेऊन, ब्रश कागदाच्या बाहेरून गोल गोल फिरवत आत आणला की कुठे डाग पडत नाही. ब्रशचे केस दाट आणि मऊ आहेत. (जांभळा पिवळ्याशेजारी लावला की मातकट तपकिरी होतो, पण तो रंगांचा स्वभाव आहे, कंपनीचा दोष नाही.) हीट गनही उत्तम चालते. इतके चांगले साहित्य देऊन नेमके एका पॅडवर पैसे का वाचवावेत, हे मला समजलेले नाही.

आणखी एक. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव नाही, माल आयात केलेला असेल तर लागणारे मूळ देशाचे नाव नाही, पावडरच्या डबीवर निव्वळ वजन नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार ही माहिती छापणे बंधनकारक आहे.

माझ्या मागण्या अशा. किटचे १,४९९ रुपये परत करावेत. सदोष किट आपल्या खर्चाने घेऊन जावे; शिक्का मात्र वेगळा विकत देत असाल तर त्याचे पैसे कापून घ्या, तो मला ठेवायचा आहे. संकेतस्थळावरील ‘एम्बॉसिंग इंक’ आणि ‘३०० जीएसएम’ हे दोन्ही दावे दुरुस्त होईपर्यंत या किटची विक्री थांबवावी. पत्रिका नव्याने, स्वतः कार्ड करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. फोनवर पुन्हा तेच बोलण्याची माझी तयारी नाही. उत्तर कृपया लेखी द्यावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, सांगली
(नाव व पत्ता ऑर्डरच्या नोंदीत आहे)

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही पॅडच्या ठशांचा फोटो, काट्यावरील कागदांचा फोटो आणि माहितीपत्रिकेप्रमाणे केलेले एक मूळ कार्ड.