तक्त्यात स्टॉल रेशो का नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाड्यांचा तुलनात्मक तक्ता आला. सीसी, बीएचपी, टॉर्क, मायलेज, किंमत, सगळं होतं. पण खाली एक ओळ होती की इंजिन तेच असल्याने दोन्हींची ओढ सारखीच. त्यावरून आमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये चहाच्या वेळी दोन मिस्त्र्यांची चांगलीच जुंपली. गिअरबॉक्स उघडणं हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून लिहितो.

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलाने भरलेला बंद डबा. इंजिनाला जोडलेला इंपेलर तेल फेकतो, त्या माऱ्यानं समोरचा टर्बाईन फिरतो आणि गिअरबॉक्सला फिरवतो. शेतावरच्या पाण्याच्या पंपातला इंपेलर ज्यानं पाहिलाय, त्याला एवढं पुरे. खरी करामत मधल्या स्टेटरची. टर्बाईनमधून परतणारं तेल उलटं येऊन इंपेलरलाच अडवायला बघतं. स्टेटरची पाती ते वळवून सुलट्या दिशेनं पाठवतात, आणि तिथं टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो.

गाडी ब्रेकवर जागच्या जागी, टर्बाईन थांबलेला आणि इंजिन पूर्ण रेसवर, या अवस्थेला स्टॉल म्हणतात. त्या वेळी टर्बाईनवर इंजिनाच्या किती पट टॉर्क येतो तो स्टॉल रेशो. रोजच्या मोटारींत तो साधारण १.८ ते २.५ असतो. इंजिन १५० न्यूटन मीटर देत असेल आणि रेशो २ असेल, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ३०० पोचतात. मॅन्युअलमध्ये क्लचमधून १५० चे १५०च जातात. मग ओढ सारखी कशी? अर्थात फुकट काही नाही. गाडी हलली की ही पट उतरायला लागते आणि टर्बाईन इंपेलरच्या ८५-९० टक्के वेगावर आला की एकास एक होते. पुढं लॉक-अप क्लच दोघांना जखडतो. आणि पूर्ण स्टॉलमध्ये तर गाडी हलतच नाही, इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात खर्च होते.

दुसरा आकडा स्टॉल आरपीएमचा, म्हणजे त्या स्टॉलच्या अवस्थेत इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा. टर्बो डिझेलला हा फार महत्त्वाचा, कारण दीड हजाराच्या खाली टर्बोला दम नसतो. कन्व्हर्टर इंजिनाला झटकन १८००-२००० पर्यंत चढू देतो, म्हणून गाडी अडखळत नाही. गिऱ्हाईक मात्र तक्रार करतं, ‘आधी इंजिन बोंबलतंय, मग गाडी हलतीय.’ तो बिघाड नव्हे, तसंच बांधलंय. आता काही पोरं मोबाईलवर ड्रॅग रेस बघून येतात आणि हाय स्टॉल कन्व्हर्टर मागतात. त्यांना मी वाटेला लावतो. स्टॉल आरपीएम उगाच वाढवला की गावातल्या गर्दीत सारखी स्लिप, तेल गरम आणि पेट्रोल जास्त. कंपनीनं इंजिनाचा टॉर्क बघूनच कन्व्हर्टर जुळवलेला असतो.

हे आकडे दुरुस्तीलाही उपयोगी पडतात. गेल्या उन्हाळ्यात वैभववाडीकडून आंब्याच्या पेट्या भरून करूळ घाट चढून आलेली एक गाडी शेडला आली. सपाटीला व्यवस्थित, चढाला जीव जाई. एका ठिकाणी मालकाला अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं होतं. इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि फिल्टर आधी बघून घेतले, ते ठीक होते. मग चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, डावा पाय ब्रेकवर, गिअर डी मध्ये आणि पूर्ण रेस. पुस्तकात स्टॉल आरपीएम दोन हजारांच्या वरचा, काटा मात्र चौदाशेच्या आसपास थरथरत अडकला. म्हणजे स्टेटरला एकाच दिशेनं फिरू देणारा वन-वे क्लच धरत नव्हता. स्टेटर दोन्हीकडे फिरायला लागला की टॉर्क वाढणार कुठून? कन्व्हर्टर बदलला, गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही. ही परीक्षा पाच सेकंदांपेक्षा जास्त घ्यायची नसते आणि नंतर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल निवू द्यायचं. घरी कुणी करून बघू नये. नव्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबली की कॉम्प्युटरच रेस कापतो, ते बरंच आहे.

अजून एक. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडं स्वस्तातली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आली आणि तिलाही लोक सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात. तिच्यात कन्व्हर्टर नसतोच, मॅन्युअलचाच क्लच मशीन दाबतं. तेव्हा स्टॉल रेशो वगैरे विसरा. ऊसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं चढावर रेसवर गाडी रोखून धरली, की एएमटीत क्लच जळतो आणि कन्व्हर्टरच्या गाडीत तेल. तेल १२० अंशांच्या वर गेलं की झपाट्यानं खराब होतं, डिपस्टिक काढली की करपल्याचा वास सांगतोच. दोन्हींत पाय ब्रेकवर ठेवावा.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या तक्त्यात ऑटोमॅटिकचा प्रकार लिहा आणि कन्व्हर्टर असेल तर स्टॉल रेशो कंपनीकडून मागून घ्या. देत नसतील तर तो रकाना रिकामा छापा. आणि आपल्या प्रतिनिधीनं टेस्ट ड्राइव्ह शिरोलीच्या हायवेवर न घेता वाघबीळवरून पन्हाळ्याच्या चढाला घ्यावी, गाडीत पाच माणसं बसवून.

आपला,
एक वाचक, गिअरबॉक्स मिस्त्री
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर