रीबूट करण्याआधी

चि. बाळास,
सोलापूरहून आईचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुझा आवाज ओढलेला वाटला. डेटाबेसकडं शेकड्यानं कनेक्शनं लटकली आहेत, कुठल्या प्रोग्रॅमची ते कळत नाही आणि वरचे म्हणतात रीबूट करून टाक, असं तू म्हणालास. मी "सकाळपर्यंत थांब" एवढंच म्हटलं. का म्हटलं ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

तू तिसरी-चौथीत असशील. मी टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघत होते, तिथली गोष्ट. नगावर मजुरी आणि दर शनिवारी पगार. एका शुक्रवारी रात्री मशीन अगदी मंदावलं. मी नेटस्टॅट, म्हणजे चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड, मारली तर ओळीच्या ओळी 'वेबकॅश' नावाच्या. मला वाटलं प्रॉक्सीनं, म्हणजे इंटरनेटला जाताना मधे बसणाऱ्या प्रोग्रॅमनं, घोळ घातला. ती बंद करून चालू केली, ओळी तशाच. अकरा वाजले होते, तू आजीजवळ झोपला असशील या विचारानं जीव घरी लागला होता. मी मशीन रीबूट केलं.

त्या ओळी प्रॉक्सीच्या नव्हत्याच. पगाराचा प्रोग्रॅम ८०८० पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबराच्या दारावर, बसलेला होता आणि खात्याखात्यांतून आठवड्याचे नग त्यात चढत होते. निम्मे चढले, निम्मे गेले. दुसऱ्या दिवशी माणसं संध्याकाळपर्यंत खिडकीशी उभी होती. त्यांतल्या काहींना आमच्या गल्लीतल्या दुकानात उधारी चुकती करायची होती, हे मला नंतर कळलं. ती रांग मी अजून विसरले नाही.

मी फसले कशानं, ते बघ. 'वेबकॅश' हे कुठल्याही प्रोग्रॅमचं नाव नव्हतं. ईटीसी डिरेक्टरीत सर्व्हिसेस नावाची एक फाइल असते. तीत कुठल्या पोर्टला रिवाजानं काय म्हणतात त्याची यादी असते, आणि त्या मशीनवरच्या यादीत ८०८० पुढं वेबकॅश लिहिलेलं होतं. त्या पोर्टवर खरोखर कोण बसलंय याच्याशी यादीचा काही संबंध नाही. म्हणून कनेक्शनं आणि त्यांचे मालक दाखवणारी कमांड एसएस असो की एलसॉफ, आधी नावं बंद कर आणि नुसते आकडे बघ. एसएसला एन दे. एलसॉफला लहान एन आणि मोठा पी दोन्ही दे, नाहीतर ते पत्त्यांची नावं विचारत बसतं आणि ऐन घाईत खोळंबा करतं. आणि हे सगळं रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, होऊन कर. साध्या युजरला दुसऱ्याच्या प्रोसेसनी, म्हणजे चालू प्रोग्रॅमनी, काय उघडून धरलंय ते दिसत नाही, रकाना रिकामा येतो, आणि माणसाला वाटतं की मालकच नाही.

एलसॉफ पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी लिहिलं. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण हत्यार हाताशी नसेल तर काय, हे तुला यायलाच हवं. तुझे आजोबा मागावर धागा तुटला की तुटलेलं टोक चिमटीत धरायचे आणि बोटानं मागं मागं जात थेट भीमापर्यंत, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळापर्यंत, पोचायचे. अंदाजानं दुसरा धागा कधी ओढायचे नाहीत. तसंच कर.

प्रॉक ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, डिरेक्टरी. तिच्याखाली नेट, त्यात टीसीपी नावाची फाइल आहे. ती उघड. एका ओळीत तुला ०१००००७एफ:१एफ९० असं काही दिसेल. घाबरू नकोस. आपल्या नेहमीच्या इंटेल मशीनवर पत्ता दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करून उलटीकडून वाचायचा: ७एफ, ००, ००, ०१, म्हणजे १२७.०.०.१. पोर्ट मात्र सरळ वाचायचा: १एफ९० म्हणजे ८०८०. त्याच ओळीत पुढं आयनोड नंबर असतो, ती सॉकेटची, म्हणजे कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकाची, ओळख. समजा ४८२१३. आता प्रॉकमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नंबराची (पीआयडीची) डिरेक्टरी असते, तिच्यात एफडी, म्हणजे तिनं उघडून धरलेल्या गोष्टी. तिथल्या लिंका लांब यादीत बघत जा. ज्या प्रोसेसखाली सॉकेट:[४८२१३] सापडेल, ती मालक. एसएस आणि एलसॉफही आतून साधारण हाच माग काढतात. एकदा हातानं करून बघ, मग त्यांनी दाखवलेल्या ओळीचा अर्थ डोळ्यांपुढं उभा राहतो.

तोच आयनोड दोन-तीन प्रोसेसखाली सापडला तर चुकलो असं समजू नकोस. बाप प्रोसेसनं फोर्क केलं, म्हणजे आपली प्रत काढून पोर प्रोसेस जन्माला घातली, की पोराकडं तेच सॉकेट येतं. अशा वेळी बापाला मारलं तरी पोर ते धरून ठेवतं, म्हणून मारण्याआधी पूर्ण घराणं बघ. आणि पीएस या प्रोसेसच्या यादीतल्या नावावर विसंबू नकोस, प्रोसेस स्वतःचं नाव बदलू शकते. तिच्या डिरेक्टरीतली एक्सई ही लिंक कुठल्या फाइलकडं जाते ते बघ.

मालक मुळीच सापडला नाही तर अवस्थेचा रकाना वाच. टाइम-वेट असेल तर शोधू नकोस, प्रोग्रॅमनं ते कधीच सोडलेलं असतं. कर्नल लिनक्सवर ६० सेकंद सांभाळतं आणि टाकून देतं. तिथं आयनोड शून्य दिसतो. एनएफएससारखी, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या फाइली जोडणारी, काही कनेक्शनं खुद्द कर्नलचीच असतात. कंटेनरमधली, म्हणजे मशीनच्या आतच वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमची, तर बहुधा बाहेरून दिसतच नाहीत, त्यांचं नेटवर्क वेगळं असतं. त्यासाठी एनएसएंटर या कमांडनं आत जावं लागतं.

तुझी कनेक्शनं तासन्‌तास लटकलेली आहेत, म्हणजे ती टाइम-वेट नव्हेत. माझा संशय क्लोज-वेटवर आहे. म्हणजे डेटाबेसनं फोन ठेवला, पण आपल्याकडच्या प्रोग्रॅमनं रिसीव्हर खाली ठेवलाच नाही. तो जोवर ठेवत नाही तोवर ती ओळ तशीच राहणार. मालक जिवंत आहे, सापडणार. रीबूटनं ओळी जातील, पण प्रोग्रॅम तोच राहील, आणि आठवड्यानं पुन्हा रात्रीचा तुझाच फोन वाजेल. शिवाय प्रॉकमधलं सगळं मेमरीत असतं. एकदा मशीन बंद झालं की पुरावाही गेला.

वरच्यांना उलट बोलू नकोस. "मला वीस मिनिटं द्या, कुठली प्रोसेस आहे ते सांगतो" एवढंच म्हण. एसएस आणि एलसॉफचं आउटपुट फाइलीत उतरवून ठेव. मग रीबूट करायचंच ठरलं तरी हातात काहीतरी राहील.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवली आहे. शेजारचे काका रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघालेत, त्यांच्याकडं देते. रात्रपाळीत उपाशी राहू नकोस. पीआयडी सापडला की फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी जागी आहे.

तुझी,
आई