गोल आकडा

४ जुलै २०२५

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी फोनवर मी जे बोलले त्यातलं एक वाक्य मागे घेते. नानांचं नाव काढायला नको होतं. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. बाकीचं मागे घेत नाही. फोनवर मी आधी चिडते, मग रडते आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

पैशांबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. टेनिसच्या सट्ट्यात किती गेले यावर तू चौदाशे पाउंड म्हणालास, मी ऐकलं, तो विषय तिथे संपला.

मंगळवारी रात्री मी विम्बल्डनमधला कोको गॉफचा सामना शेवटपर्यंत पाहिला. तुझे पैसे तिच्यावर आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं. पहिला सेट टायब्रेकरला गेला, दुसरा १-६, आणि यास्त्रेम्स्का जिंकली. मला वाईट वाटलं ते त्या पोरीचं. तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी फ्रेंच ओपन जिंकून आलेली ती. आता वाटतं, माझ्यासारखाच तूही तिकडे तोच सामना बघत होतास, पण तुला काय दिसत होतं? तिची सर्व्हिस दिसत होती, की स्लिपवरची ओळ?

ताईने मला तुझी ती पाच सामन्यांची स्लिप समजावून सांगितली. पाचही फेव्हरिट जिंकले तरच पैसे, एक जरी हरला तरी सगळं गेलं. मग मी हिशेब मांडला. तुला माहीत आहे, मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकेका सामन्याचा भाव १.१० धरला तर पाचांचा गुणाकार १.६१ होतो. म्हणजे दहा लावले तर सहा पाउंड दहा पेन्स वर मिळणार. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता दहात नऊ धरू, म्हणजे फारच चांगली. तरी पाचही जिंकण्याची शक्यता शंभरात ५९ उरते. शंभर वेळा खेळलास तर ५९ वेळा सहा-दहाप्रमाणे ३६० येतील आणि ४१ वेळा दहाप्रमाणे ४१० जातील. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तू हे गणित माझ्याआधी सोडवलं असतंस. म्हणून गणित कच्चं आहे असं मी म्हणत नाही. मग काय आहे, ते मला कळत नाही.

आणि दहात नऊ तरी कशावरून? मंगळवारी पेगुला अठ्ठावन्न मिनिटांत हरली. तीन दिवस आधी बाड होम्बुर्गला ग्रासवरच, म्हणजे गवताच्या कोर्टवरच, स्पर्धा जिंकून आलेली पेगुला! फॉर्म बघून पैसे लावले असं तू म्हणालास. याहून चांगला फॉर्म तो काय असतो? झ्वेरेवचा सामना सोमवारी रात्री एक-एक सेटवर थांबला. तो थांबलेला असताना तू रात्रीतून आणखी पैसे टाकलेस, हे ताईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. दुसऱ्या दिवशी तो पाच सेटमध्ये हरला. ६४ मानांकितांपैकी २३ जण पहिल्याच फेरीत बाहेर पडले, आणि असं होऊ शकतं हे तुला ठाऊक नव्हतं असं मी मानायला तयार नाही. विम्बल्डनचा पहिला आठवडा काय असतो हे या घरात तुझ्याइतकं कुणाला कळतं? क्ले, म्हणजे मातीच्या कोर्टवरच्या स्पर्धा, संपून तीन आठवडे होतात न होतात, तोच ग्रास. चेंडू खाली राहून सटकतो. गवत ताजं असतं, पाय घसरतात. सर्व्हिस चांगली असलेला कुणीही सेट टायब्रेकरपर्यंत ओढून नेतो, आणि मग दोन-तीन पॉइंट इकडचे तिकडे झाले की संपलं. हे सगळं तूच मला शिकवलंस.

तू वर्षाचा होतास तेव्हाची गोष्ट. १९९९चं विम्बल्डन. तुला ताप होता, मांडीवरून खाली ठेवलं की रडायचास, म्हणून मी तुला घेऊन टीव्हीसमोर बसले होते. हिंगिस पहिली मानांकित. समोर डोकिच, सोळा वर्षांची, पात्रता फेरीतून आलेली. ६-२, ६-०. मला वाटलं टीव्हीवर स्कोअर उलटा दाखवतायत. बाबा आत आले आणि मी त्यांना म्हणाले, अहो, हिंगिस हरली, तर ते म्हणाले, पोराचा ताप किती आहे ते सांग.

आणि २०१३ चा २६ जून. पंधरा वर्षांचा होतास. त्या एका दिवसात सात जणांनी दुखापतीमुळे सामना सोडला किंवा कोर्टवर उतरलेच नाहीत, शारापोवा हरली, आणि मग मध्यरात्रीनंतर फेडरर. गतविजेता, ओळीने छत्तीस ग्रँड स्लॅममध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठलेला, आणि स्टाखोव्हस्की सर्व्हिस करून नेटवर येतोय, येतोय, येतच राहतोय. तू जेवला नाहीस. सकाळी शाळेत जायच्या आधी मला म्हणालास, आई, पण स्टाखोव्हस्की काय खेळला गं! डोळे सुजलेले होते आणि कौतुक त्याचं करत होतास. ते मी बाबांना सांगितलं, ताईला सांगितलं, आत्याला फोन करून सांगितलं. इतका अभिमान मला तुझ्या दहावीच्या निकालाचा वाटला नव्हता.

परवा तू पेगुलाला शिवी दिलीस. फोनवर, माझ्यासमोर. ती हरली म्हणून.

लांबण लागली. उपदेश करायचा नव्हता.

रविवारी तू म्हणाला होतास की रूनला तो जॅरी जड जाईल, त्याची सर्व्हिस ग्रासवर झेपणार नाही. सोमवारी रून दोन सेट पुढे होता आणि तरी हरला. मी घरभर सांगत सुटले की ओंकार बोलला होता. आणि मग एकदम पोटात गोळा आला. कारण असं एकदा बरोबर आलं ना, की माणसाला वाटतं आपल्याला कळतं. तुला कळतंच. पण तो भाव ठरवणारे लोकही मूर्ख नसतात, आणि त्या भावात त्यांचा वाटा आधीच कापलेला असतो. दोन बरोबरीच्या खेळाडूंवर ते कधी दुप्पट देत नाहीत. सामना चालू असताना तू पैसे लावतोस, तेव्हा तुला टीव्हीवर जे दिसतं ते काही सेकंद शिळं असतं. खुर्चीतल्या पंचाने नोंदवलेला गुण त्यांच्याकडे आधी पोचलेला असतो. सामना अर्धवट सुटला तर पैसे परत की नाही, याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. हे तू वाचलेलं असशील. मी मात्र काल दिवसभर हेच वाचत होते, बाबा विचारत होते काय वाचतेस एवढं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचं बीपी तुला माहीत आहे. सांगीन मीच, पण एकदाच सांगीन. चौदाशे सांगून महिन्याने परत जाऊन दोन हजार सांगणं मला जमणार नाही.

बघ, आलेच मी तिथे.

बुधवारपासून मला झोप नाही ती रकमेमुळे नाही. मी एकतीस वर्षं लोकांच्या खातेवह्या तपासल्या. खरा खर्च गोल नसतो रे. खरा खर्च तेराशे सत्त्याऐंशी आणि काही पेन्स असा असतो. गोल आकडा माणूस तेव्हा सांगतो, जेव्हा त्याने बेरीज केलेली नसते, किंवा केलेली असते आणि सांगवत नाही. तू 'चौदाशे' म्हणालास तेव्हा मध्ये थोडा थांबलास. तेवढं थांबणं मी आजवर टेबलाच्या या बाजूने खूप वेळा ऐकलंय. समोर तू कधी नव्हतास.

तुमच्याकडे २०२० पासून क्रेडिट कार्डावर सट्टा लावता येत नाही म्हणे. म्हणजे पैसे खात्यातलेच गेले. पगार किती, भाडं किती हे मला माहीत आहे. ताईचे सहाशे तू एप्रिलमध्ये डिपॉझिटसाठी म्हणून घेतलेस, आणि घर तर तू बदललं नाहीस. मग ते सहाशे चौदाशेच्या आत आहेत की बाहेर? आणखी कुणाचे आहेत? संकेतकडून घेतलेत का? पगारावर कर्ज काढलंस का? हे चौकशी केल्यासारखं वाटत असेल. वाटू दे. नाही, तसं नको वाटायला. मी तुझ्यावर रागावलेली नाही. मी घाबरले आहे, आणि घाबरले की मी अशी बोलते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

दोन गोष्टी कर. गॅमस्टॉप म्हणून तुमच्याकडे सोय आहे, फुकट आहे. एकदा नाव नोंदवलं की ब्रिटनमधल्या परवानाधारक साइट्स तुला खेळू देत नाहीत. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. मधूनच मन बदललं तरी मुदत संपेपर्यंत उठवता येत नाही, आणि मला तेच हवंय. सहा महिने निवडू नकोस. सहा महिन्यांनी जानेवारी येतो आणि जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन असतं. दुसरं, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायची सोय असेल तर तीही लाव. अजून सतराशे साठ ठिकाणी तुला मोह होईल, त्या सगळ्या ठिकाणी मी नसणार.

आणि सामने बघणं सोडू नकोस. हे मी मनापासून सांगते, बाबा कदाचित उलट सांगतील. उद्या तिसऱ्या फेरीचे सामने आहेत. मी बघणार आहे. पूर्वी तू मधेच मेसेज करायचास, 'आई, तो बॅकहँड बघितलास?' गेल्या वर्षभरात एकही आलेला नाही. मला वाटायचं कामात असशील.

ताईवर चिडू नकोस. तिने दोन महिने मला काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा माझ्याहून जास्त ती रडली. तिचे पैसे मी तिला दिले आहेत, ते तू मला दे, हळूहळू, घाई नाही. बाकीच्याचंही बघू. एफडी आहे, ती मोडता येते, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण ती एकदाच मोडता येते, म्हणून मला पूर्ण रक्कम कळायला हवी.

फोन नको करूस. फोनवर परत तसंच होईल. बँकेचं स्टेटमेंट उघड, जानेवारीपासून एकेक ओळ खाली ये, कागदावर बेरीज कर आणि त्या कागदाचा फोटो पाठव. पेन्ससकट.

तुझी,
आई