दशांश चिन्हानंतरचे अंक नीट वाचावेत

महोदय,

०.१२५ मोठे की ०.५, असे विचारल्यावर अनेक मुले पहिल्या संख्येकडे बोट दाखवतात, कारण १२५ हे ५ पेक्षा मोठे, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. दोष मुलांचा नाही. ‘पॉइंट एकशे पंचवीस’ असे वाचण्याची सवय आपण मोठी माणसेच त्यांना लावतो. १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि हिशेबात चिन्हानंतर दोनच अंक लिहिले जाऊ लागले, त्यामुळे पैशांपुरते असे वाचन खपून जाते.

वास्तविक उजवीकडच्या प्रत्येक घरात अंकाची स्थानिक किंमत आधीच्या घराच्या एक दशांश होते. म्हणून ०.१२५ मध्ये १ दशांश, २ शतांश आणि ५ सहस्रांश आहेत, तर ०.५ मध्ये ५ दशांश. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे स्पष्ट दिसते: ०.५०० म्हणजे अर्धा किलो, पण ०.०५० म्हणजे अवघे ५० ग्रॅम. शेवटच्या शून्याने किंमत बदलत नाही, चिन्हालगतच्या शून्याने मात्र ती दहापट घटते. शिक्षकांनी मुलांना एकदा तरी अशा काट्यापाशी जरूर न्यावे.

क्रिकेटच्या धावफलकावरील ‘४.३ षटके’ हे मात्र दशांश लेखन नव्हे. तेथे ३ चेंडू म्हणजे अर्धे षटक, म्हणून धावगती काढताना ४.५ ने भागावे लागते. आपल्या क्रीडा पानावर ‘४ षटके ३ चेंडू’ असे छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक गणितशिक्षक, कराड